घरातला छळ ओळखणे आणि दाद मागणे : पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्या बाईसाठी

लग्नाच्या सहाव्या वर्षी, गालावरचा वळ पदराने झाकून मी एसटीतून माहेरी उतरले, तेव्हा माय म्हणाली, "दम धर गं, लेकरं मोठी झाली की सुधरल." वडील ओसरीवरून म्हणाले, "मग आता तिकडं जायचंच नाही, फारकत घेऊन टाकू." दोघांचीही माया खरी होती. पण मांजरेच्या खोऱ्यातल्या आमच्या भागात अडचणीतल्या लेकीला दोनच वाटा दाखवल्या जातात, सहन करणे किंवा घर सोडून येणे, आणि मलाही त्याच दाखवल्या गेल्या. तिसरी वाट आहे, म्हणजे घरात राहूनही छळ थांबवण्याचा आदेश मागता येतो, हे मला पुढे दीड वर्षाने एका अंगणवाडी ताईंनी सांगितले. तो दीड वर्षाचा काळ माझा मी वाया घालवला नाही; मला कोणी सांगितलेच नव्हते. म्हणून हा लेख.

माझा अर्ज निकाली निघाल्यानंतर गेली काही वर्षे मी आसपासच्या गावांतील बायकांसोबत ठाण्यात, दवाखान्यात आणि कोर्टात जात आले आहे. मी वकील नाही. ज्या क्रमाने पावले टाकल्यावर कमी त्रास होतो, तो क्रम मी येथे लिहीत आहे.

हे वाचत असताना तुमच्या जिवाला आत्ताच धोका असेल, तर पुढचे वाचू नका, ११२ लावा. सल्ला आणि आसरा हवा असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आहे, मुलांसाठी १०९८ आणि मोफत वकिलासाठी १५१०० आहे. हे क्रमांक पाठ करून ठेवा. मोबाइलमध्ये साठवलेले क्रमांक फोन हिसकावला गेला की उपयोगाचे राहत नाहीत.

१. जे घडते आहे त्याला नाव द्या

आपल्याकडे बाई सांगते, "मारत नाहीत हो, पण..." आणि त्या 'पण'नंतर जे येते, त्याला कायद्यात जागा आहे हे तिला माहीत नसते. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चार प्रकार मानले आहेत. हा कायदा कोणत्याही एका धर्माचा नाही. तो पत्नीपुरता मर्यादित नाही. आई, बहीण, विधवा सून, तसेच लग्नासारख्या नात्याने सोबत राहणारी स्त्री, या सर्वांना त्याखाली अर्ज करता येतो. सासू-नणंदेविरुद्धही दाद मागता येते.

मारहाण ओळखायला कोणी शिकवावे लागत नाही. बाकीचे तीन प्रकार मात्र इतके अंगवळणी पडलेले असतात की त्यांना छळ म्हणण्याचा धीरच होत नाही. इच्छेविरुद्ध शरीरसंबंध लादणे, नवऱ्याने लादले तरी, या कायद्याखाली लैंगिक छळ आहे. मुलगी झाली म्हणून टोचून बोलणे, मूल नाही म्हणून वांझ म्हणणे, "पांढऱ्या पायाची" म्हणून दिवस-रात्र हिणवणे, माहेरच्यांना मारण्याची धमकी देणे, हा शाब्दिक आणि भावनिक छळ आहे. बोअर घ्यायचा आहे, ट्रॅक्टरचा हप्ता थकला आहे, म्हणून माहेराहून पैसे आण, असे म्हणणे ही हुंड्याचीच मागणी आहे, तिला 'उसने' म्हटले तरी.

आर्थिक छळाकडे आपण सर्वांत कमी लक्ष देतो. घरखर्चाला पैसे न देणे, तुमचे डोरले किंवा एकदाणी न विचारता गहाण टाकणे, बचत गटातून तुमच्या नावावर कर्ज उचलायला लावून पैसा स्वतः वापरणे, लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये खात्यात आले की एटीएम कार्ड काढून घेणे, शिवणकाम किंवा नोकरी करायला मज्जाव करणे, हे सगळे त्यात येते. एक साधी कसोटी मी बायकांना सांगते : नवऱ्याच्या गाडीचा आवाज दारात आला की तुम्ही हातातले काम सोडून काय करता? जेवण, बोलणे, फोन, कपडे, मुलांचा आवाज, हे सगळे त्याच्या मर्जीचा अंदाज घेऊन तुम्ही बदलत असाल, तर ते भांडण नव्हे. भांडणात दोघे बोलतात. येथे एक जण घाबरलेला असतो.

आणि माफीला भुलू नका. मारल्यानंतर चार दिवस तो गोड वागतो, साडी आणतो, जत्रेला नेतो. मग पुन्हा ताण वाढतो आणि पुन्हा हात उगारला जातो. तो गोडवा खोटाच असतो असे मी म्हणत नाही. पण त्या चार दिवसांच्या भरवशावर आपण चार-चार महिने काढतो.

२. धोका किती आहे, हे आधी तपासा

हे पाऊल कागदांच्याही आधीचे आहे. पुढील गोष्टींपैकी एकही घडली असेल तर घरात राहून वाट पाहणे सुरक्षित नाही : गळा दाबला गेला आहे, कुऱ्हाड, कोयता, विळा उगारला गेला आहे, "रॉकेल टाकीन", "फवारणीचे औषध पाजीन" अशी धमकी दिली गेली आहे, गरोदरपणात पोटावर मार बसला आहे, मारहाण पूर्वीपेक्षा वरचेवर आणि जास्त जोराची होत आहे. गळा दाबण्याची घटना एकदा घडली तरी ती अतिशय गंभीर समजा, भले अंगावर खूण नसो. आतली सूज नंतरही वाढू शकते, म्हणून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नवरा स्वतःच औषध पिण्याची धमकी देत असेल, तर ती तुमची जबाबदारी आहे असे समजू नका. शेतातल्या घरात कीटकनाशकाची बाटली नेहमी हाताशी असते, म्हणून ती धमकी गंभीरपणे घ्या, ११२ वर कळवा, घरातील मोठ्या माणसांना सांगा; पण त्या भीतीपोटी तुमचा अर्ज मागे घेऊ नका.

घर सोडण्याचा काळ सर्वांत धोक्याचा असतो. "मी चालले, आता कोर्टात भेटू" असे रागाच्या भरात बोलू नका. निघायचेच असेल तर न सांगता निघा, दिवसा निघा, मुलांना सोबत घ्या. शेजारच्या एखाद्या विश्वासू बाईशी खुणेचा शब्द ठरवून ठेवा. एका ताईंनी "दळण लवकर दे" हा निरोप ठरवला होता, तो मिळाला की शेजारीण ११२ लावणार होती. भांडण पेटले की स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात जाऊ नका. बाहेरच्या दाराकडे सरका.

३. घटनांची नोंद ठेवा

संरक्षण अधिकाऱ्यांसमोर, म्हणजे या कायद्याखाली बाईला मदत करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांसमोर, मी पहिल्यांदा बसले, तेव्हा त्यांनी विचारले, "कोणत्या तारखेला?" मला तारीख सांगता येईना. मी म्हणाले, पोळ्याच्या आदल्या दिवशी, आणि मग येळवशीला, शेतात सगळे जेवायला बसले होते तेव्हा. बाई चिडल्या नाहीत. त्यांनी भिंतीवरची दिनदर्शिका काढली, मागची पाने उलटली, येळवशीची अमावस्या शोधली आणि तारीख नमुन्यात लिहिली. मग मला आठवले की माझ्याकडेही एक दिनदर्शिका आहे. दुधाचा हिशोब मी तिच्यावर लिहीत असे. दुधवाला आला नाही त्या दिवशी 'खाडा' म्हणून फुली. आणि मार बसला त्या दिवशी मी आकड्याभोवती पेन्सिलने बारीक गोल करत असे, का ते तेव्हा मलाही सांगता आले नसते. घरच्यांना तो दुधाचाच हिशोब वाटला. दोन वर्षांत एकतीस गोल निघाले.

तुम्ही यापेक्षा नीट लिहा. तारीख, साधारण वेळ, नेमके काय झाले, कोणते शब्द वापरले, कोणी पाहिले, दवाखान्यात गेलात का. दोन-तीन ओळी पुरतात. लिहिता येत नसेल तर बहिणीला किंवा आशा ताईंना सांगून लिहवून घ्या. वही घरात ठेवणे धोक्याचे असेल तर माहेरी ठेवा. अशी नोंद म्हणजे थेट पुरावा नव्हे, पण दोन वर्षांनी उलटतपासणीत वकील खोदून विचारतो तेव्हा तुमचे पाय जमिनीवर ठेवते.

जखम झाली असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना खरे कारण सांगा. माझी मोठी चूक येथेच झाली. हात मोडला तेव्हा सासू सोबत होती, आणि केसपेपरवर "घसरून पडल्याने" असे लिहिले गेले. मी मान हलवली. पुढे तोच कागद समोरच्या वकिलाने माझ्याविरुद्ध वापरला. सोबतच्या माणसांना बाहेर थांबायला सांगा असे डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना हळूच म्हणा. "नवऱ्याने लाकडाने मारले" हे शब्द केसपेपरवर येऊ द्या आणि कागदाची प्रत मागून घ्या. या कायद्याखाली मदत मागणाऱ्या बाईला वैद्यकीय सुविधा देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे.

फोनवरील धमक्या, व्हॉट्सअॅपचे संदेश, रेकॉर्डिंग पुसू नका, आणि शक्यतो तो मूळ फोनच जपून ठेवा. कोर्टात असा पुरावा देताना प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील करून देतात. आधी मात्र फोन तपासा : व्हॉट्सअॅपमधील 'लिंक केलेली उपकरणे' उघडा, अनोळखी काही दिसले तर तुमचे संदेश दुसऱ्या कोणाच्या हातात जात आहेत असे समजा, आणि महत्त्वाचे बोलणे शेजारणीच्या फोनवरून करा.

४. कागद गोळा करा

एका दिवसात सगळे मिळणार नाही. एकेक कागदाचा फोटो काढून भावाला किंवा बहिणीला पाठवा आणि आपल्या फोनमधून पुसा. निघताना मूळ कागद हाती लागले तर घ्या. कागदांसाठी जीव धोक्यात घालून परत जाऊ नका, नक्कल सगळ्याची मिळते.

— आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक
— लग्नपत्रिका, लग्नाचे फोटो, विवाह नोंदणी असेल तर तिचा दाखला
— मुलांचे जन्मदाखले आणि शाळेचे बोनाफाईड
— दवाखान्याचे केसपेपर, एक्स-रे, औषधांच्या पावत्या
— लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी, सोन्याच्या पावत्या. पावत्या नसतील तर दागिने अंगावर असलेले फोटो
— पूर्वी ठाण्यात काही दिले असेल तर त्याची पोच
— नवऱ्याच्या उत्पन्नाचे जे मिळेल ते

शेवटच्या ओळीवर थोडे थांबते. कोर्टात प्रत्येक नवरा 'मला उत्पन्न नाही, कोरडवाहू आहे, दुष्काळ आहे' असे सांगतो, आणि मराठवाड्यात ते ऐकणाऱ्याला खरेही वाटते. म्हणून त्याच्या आणि सासऱ्याच्या नावाचा सातबारा आणि आठ-अ काढा. सातबारा कोणालाही ऑनलाइन किंवा महा-ई-सेवा केंद्रातून मिळतो, त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही. त्यावर विहीर, बोअर, ऊस अशी नोंद दिसली तर कोरडवाहूचे म्हणणे तेथेच संपते. कारखान्याच्या ऊसबिलाची पावती, दुकानाचा फलक, ट्रॅक्टरचा फोटो, नोकरी असेल तर कार्यालयाचे नाव, हे सगळे उपयोगी पडते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये घालून दिलेल्या पद्धतीनुसार दोन्ही बाजूंना आपल्या मालमत्तेचे आणि देण्याचे शपथपत्र द्यावे लागते; त्याने खोटे लिहिले तर ते दाखवून द्यायला हेच कागद लागतात.

५. पहिला अर्ज कोणाकडे?

संरक्षण अधिकाऱ्यांकडे. बहुतेक जणी आधी ठाण्यात जातात, कारण ठाणे कुठे आहे हे सर्वांना माहीत असते आणि संरक्षण अधिकारी नावाचे कोणी असते हे कोणालाच माहीत नसते. महिला व बालविकास विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करा, तुमच्या तालुक्याचे संरक्षण अधिकारी कोण ते तेथे सांगतात. अंगणवाडी ताईंनाही बहुधा ठाऊक असते. ते तुमच्या सांगण्यावरून घरगुती घटना अहवाल भरतात, ठाण्याला प्रत देतात, कोर्टातील अर्जाला मदत करतात आणि दवाखाना किंवा निवारा मिळवून देतात. यासाठी एक पैसाही लागत नाही. कोणी मागितला तर ते बेकायदेशीर आहे.

सखी वन स्टॉप सेंटर हा दुसरा दरवाजा. वैद्यकीय मदत, पोलीस, वकील, समुपदेशन आणि काही दिवसांचा तात्पुरता निवारा हे एकाच ठिकाणी मिळावे, अशी ती योजना आहे. रात्री-बेरात्री १८१ वर फोन केला तर ते तुम्हाला तेथपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था करतात. त्याहून अधिक काळ राहायचे असेल तर शक्ती सदन या सरकारी योजनेतल्या निवारागृहाची चौकशी करा. एसटीत बायकांना अर्धे तिकीट आहे. जिल्ह्याच्या गावी जाण्यासाठी तेवढे पैसे पिठाच्या डब्यात वेगळे ठेवा.

पोलीस ठाण्यात कधी जायचे? मारहाण, जिवे मारण्याची धमकी, हुंड्यासाठी छळ असेल तर जरूर जा. पूर्वी ज्याला सगळे 'चारशे अठ्ठ्याण्णव' म्हणत, ते कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ झाले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत आणि दंड. येथे तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, 'एनसी' आणि एफआयआर एक नव्हेत. एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्ह्याची नोंद. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, तिच्यावर पोलीस आपणहून तपास करत नाहीत. माझ्या पहिल्या दोन तक्रारी एनसीवरच मिटवल्या गेल्या आणि मला वाटत राहिले की केस चालू आहे. एफआयआरची प्रत मोफत मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका. नोंद घेत नसतील तर तोच मजकूर लेखी, स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पावती जपा. दुसरी, माहेरी आल्यावर माहेरच्या ठाण्यातही तक्रार देता येते. २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने हे स्पष्ट झाले आहे. "ही आमची हद्द नाही, सासरच्या ठाण्यात जा" हे उत्तर मान्य करू नका. तिसरी, घडले तेवढेच लिहा. रागाच्या भरात पुण्याची नणंद, तिचा नवरा, चुलत दीर अशी सगळी नावे घालायला काही जण सुचवतात; नेमकी घटना नसलेली नावे घातली की खरी तक्रारही कमकुवत होते, आणि अशी सरसकट नावे असलेले गुन्हे वरच्या कोर्टाने रद्द केल्याची उदाहरणे आहेत.

संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाण्यासाठी आधी एफआयआर असावा लागत नाही. हेही बायकांना उलटे सांगितले जाते.

६. कोर्टात काय मागायचे

अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात, म्हणजे बहुधा तालुक्याच्या कोर्टातच, कलम १२ खाली होतो. वकील नसेल तर कोर्टाच्या आवारातील तालुका विधी सेवा समितीत जा. स्त्रियांना मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला आणा असे कोणी म्हटले तर हे त्यांना नम्रपणे सांगा.

हा अर्ज म्हणजे घटस्फोट नव्हे. हे वाक्य मी दर वेळी दोनदा सांगते, कारण अर्धा धीर यातच अडकलेला असतो. तुमचे लग्न तसेच राहते. तुम्ही फक्त पुढीलपैकी जे हवे ते मागता : पुन्हा छळ करू नये असा संरक्षण आदेश, घरातून बाहेर काढू नये, किंवा घरात वेगळी जागा द्यावी, किंवा भाड्याचे घर द्यावे असा निवासाचा आदेश, खर्च, औषधपाणी आणि पोटगी, मुलांचा तात्पुरता ताबा, आणि झालेल्या त्रासाची नुकसानभरपाई. घर सासूच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तेथे राहण्याचा हक्क मागता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले आहे. मी हाच आदेश मागितला होता. त्याच वाड्यातली मागच्या दाराची एक खोली मला मिळाली, तेथे मी वेगळी चूल मांडली आणि माझी मुले त्याच शाळेत राहिली.

मुख्य अर्जासोबत कलम २३ खाली अंतरिम आदेशाचा अर्ज लगेच द्यायला वकिलांना सांगा. हे विसरले गेले तर निकालापर्यंत हातात काहीच येत नाही. कायद्यात पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न करावा असे म्हटले आहे. प्रत्यक्षात महिने जातात, कधी वर्षे. समोरची बाजू नोटीस घेत नाही, मग तारीख, मग वकील गैरहजर, मग सुट्टी. प्रत्येक तारखेला हजर राहा आणि पुढची तारीख स्वतः वहीत उतरवून घ्या.

७. बैठक, बाँड आणि समेट

बहुतेक चांगल्या केसेस येथे बिघडतात. नोटीस गेली की चार दिवसांत दोन्हीकडची माणसे बैठक बसवतात. बैठकीत सामील होणे चुकीचे नाही. पण तेथे काय ठरते ते लेखी हवे, आणि "इथून पुढं हात लावणार नाही" एवढ्या शब्दावर अर्ज काढून घेऊ नका. समेट करायचाच असेल तर तो कोर्टासमोर नोंदवा, म्हणजे मोडला तर दाद मागता येते.

कोऱ्या बाँडवर सही किंवा अंगठा कधीही देऊ नका. शंभराच्या, पाचशेच्या बाँडवर नोटरीसमोर लिहिलेल्या सोडचिठ्ठीने हिंदू लग्न सहसा मोडत नाही. त्यासाठी कोर्टाचा हुकूमनामा लागतो. तरीही त्या कागदात "मला पोटगी नको, सोने मिळाले" असे लिहून घेतलेले असते आणि तोच पुढे दाखवला जातो. मुस्लिम भगिनींना एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१९ च्या कायद्याने रद्दबातल आहे आणि तो देणे गुन्हा आहे. जातीच्या पंचांनी वाळीत टाकण्याची धमकी दिली, तर महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे, हे त्यांच्या कानावर घाला.

८. ऊसतोडीला जाणाऱ्या ताईंसाठी

बीड, धाराशिव, जालना, परभणीकडून दिवाळीच्या सुमारास कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या नवरा-बायकोच्या जोड्या, निघतात. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, नवरा-बायको मिळून एका कोयत्याची असते, पण मुकादमाकडून ती घेतो नवरा, आणि मग "उचल फिटेपर्यंत कुठं जाशील" हे रोजचे वाक्य होते. फडावर, पाचटाच्या कोपीत, भाषा वेगळी, माणसे अनोळखी, आणि माहेर तीन-चारशे किलोमीटरवर.

तुम्ही तात्पुरत्या राहत असाल त्या ठिकाणच्या कोर्टातही या कायद्याखाली अर्ज करता येतो. म्हणजे सांगली-कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात असाल तर तेथे, आणि परत गावी आलात तर गावाकडे. ११२ आणि १८१ दोन्ही राज्यांत चालतात. निघण्याआधी कारखान्याचे नाव, गटाचे गाव आणि मुकादमाचा नंबर माहेरी लिहून ठेवा, कारण फोन लावल्यावर पहिला प्रश्न 'तुम्ही कुठे आहात' हाच असतो आणि फडावरून त्याचे उत्तर देता येत नाही. उचलीसाठी बाईला अडवून ठेवण्याचा हक्क मुकादमाला नाही.

हंगामाला जाण्याआधी जबाबदारी नको म्हणून मुलीचे लग्न उरकले गेले असेल आणि ती अठराच्या आत असेल, तर १०९८ वर किंवा ग्रामसेवकांकडे कळवा; बालविवाह रद्द करून घेण्यासाठी तिला वीस वर्षे पूर्ण होईपर्यंत अर्ज करता येतो.

९. माहेरच्यांनी आणि शेजाऱ्यांनी

हिंसाचाराची माहिती संरक्षण अधिकाऱ्यांना कोणीही देऊ शकते, आणि चांगल्या हेतूने दिली असेल तर देणाऱ्यावर कोणतीही जबाबदारी येत नाही. "नवरा-बायकोचं भांडण, आपण कशाला पडा" असे म्हणण्याआधी हे आठवा.

तिला "इतके दिवस का राहिलीस?" असे विचारू नका. "तू सांगतेस त्यावर माझा विश्वास आहे, आता काय करायचं म्हणतेस?" असे विचारा आणि तिच्या उत्तराची वाट पाहा. ती परत सासरी गेली तरी दार लावून घेऊ नका. अनेकींना एकापेक्षा जास्त वेळा जावे-यावे लागते. भावांनो, चार पोरे घेऊन दाजींना मारायला जाऊ नका. मार त्याला एकदा बसेल, पण उलट गुन्हा तुमच्यावर दाखल होईल आणि बहिणीची केस मागे पडेल.

१०. आदेश हातात आल्यावर

आदेशाची प्रमाणित प्रत कोर्टाकडून मोफत मिळते. तिच्या पाच-सहा झेरॉक्स काढा. एक ठाण्यात द्या आणि दुसऱ्या झेरॉक्सवर त्यांचा शिक्का व पोच घ्या, एक संरक्षण अधिकाऱ्यांकडे, एक माहेरी, एक पर्समध्ये. संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, आणि तो मोडला हे ठरवायला तुमची एकटीची साक्षही कोर्टाला पुरू शकते. म्हणून पहिल्यांदा मोडला तेव्हाच कळवा, तिसऱ्यांदा नव्हे. आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांच्या आत सत्र न्यायालयात अपील करता येते.

पोटगीचा आदेश झाला म्हणजे पैसे येतातच असे नाही. माझे पहिले चार महिने आले, मग थांबले. दर महिन्याला पासबुक भरून घ्या आणि न आलेल्या महिन्यांवर खूण करा. थकलेल्या रकमेच्या वसुलीचा अर्ज ती देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत द्यावा लागतो. वाट पाहत बसलात तर जुने महिने हातचे जातात. नवरा नोकरीत असेल तर त्याच्या पगारातून रक्कम परस्पर जमा करण्याचा आदेश मागा, आणि शेतकरी असेल तर कारखान्याकडून येणाऱ्या ऊसबिलातून ती मागता येईल का, हे वकिलांना विचारा. बँक खात्याचा मोबाइल क्रमांक बदलून स्वतःचा द्या, एटीएमचा पिन बदला, आणि मुलांच्या शाळेत आदेशाची एक झेरॉक्स देऊन लेकरांना कोणाच्या ताब्यात सोडायचे ते मुख्याध्यापकांना लेखी कळवा.